एकोणिसाव्या जागी विसावा फर्मा

माझ्या सासूबाईंनी एकदा एका बाईला गुलामीतून सोडवून घरी आणलं. बाई पुस्तकातली होती. तरी त्यापायी सासूबाईंची अडतीस वर्षांची नोकरी गेली, आणि माझं डोकं जे गरगरायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. मला जमेल तसं सांगते. मध्येच गोंधळ झाला तर तो माझा समजा, गोष्टीचा नाही. खरं म्हणजे गोष्टीचाही आहे.

आम्ही सासू-सून एकाच बाइंडिंगच्या कारखान्यात. छापखान्यातून मोठाले कागद येतात, एकेका कागदावर सोळा पानं. त्याची घडी घातली की झाला फर्मा. असे वीसेक फर्मे एकावर एक रचायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, कडा कापायच्या, की पुस्तक तयार. कापायचं मशीन पुरुषांकडे. घड्या घालणं आणि फर्मे उचलणं बायकांकडे. कटिंगवाल्याला बसायला स्टूल आहे. आम्हाला नाही, कारण आम्ही चालतो. लांब टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असतात आणि आम्ही सहाजणी त्याभोवती फिरत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक फर्मा उचलतो. फेरी संपली की हातात एक पुस्तक. इतकं चालून माणूस एव्हाना कुठल्या कुठे पोचला असता. आम्ही आपल्या टेबलापाशीच.

प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते. पहिल्याची अगदी वर, दुसऱ्याची जरा खाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे नीट लागले की पुस्तकाच्या पाठीवर जिना उतरलेला दिसतो. पायरी चुकली म्हणजे फर्मा चुकला. रोज सकाळी गठ्ठे मांडायचे आणि संध्याकाळी जिने तपासायचे हे काम सासूबाईंचं. त्यांना सगळे जिनेवाल्या बाई म्हणायचे. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पायरी चुकली नव्हती, आणि हे त्या दर आठवड्याला एकदा तरी ऐकवायच्या.

त्यांना वाचायचं भारी वेड. पण तयार पुस्तकाला बायकांनी हात लावायचा नाही, हा मालकांचा नियम. घडी घातलेल्या फर्म्याची दोनच पानं बाहेर दिसतात, पहिलं आणि सोळावं. मधली चौदा आत मिटलेली. सासूबाई चालता चालता तेवढी दोन वाचायच्या. अशी शेकडो पुस्तकं त्यांनी वाचली, सगळी भोकं पडलेली. मधलं मनाने भरायचं. सुतावरून स्वर्ग गाठायचा म्हणजे किती, एकदा पाककृतींच्या पुस्तकातून त्यांनी एक पदार्थ केला. सुरुवात एका पदार्थाची आणि शेवट दुसऱ्याच. दोन दिवस आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही.

तर गेल्या वर्षी ती कादंबरी आली. वीस फर्म्यांची. लेखिकेचा हट्ट असा की पानांना आकडे घालायचे नाहीत, काळ कुठे आकड्यांनी चालतो म्हणे. कटिंगवाला म्हणाला, "पगाराच्या तारखेला आकडा लागतो की नाही, विचारा त्यांना." आकडे नाहीत म्हटल्यावर सगळा भरवसा जिन्यावर, म्हणजे सासूबाईंवर.

गोष्ट आम्हाला कळली ती अशी, बाहेरच्या पानांवरून. आजच्या काळातली एक बाई, दवाखान्यात रक्त तपासणारी. एक दिवस लिफ्टमध्ये शिरते, आणि दार उघडतं ते दोनशे वर्षं मागे. बाई काळी असते आणि तिथे काळ्या माणसांचा बाजार भरलेला असतो. तिचे दात बघतात, दंड दाबून बघतात आणि विकतात. तिच्यासोबत एक लहान मुलगीही विकली जाते, तिची कुणी नसलेली. बाई इतकी शिकलेली, पण तिथे तोंड उघडायची सोय नाही. एक तर काळी, त्यात बाई. मग लिफ्टचं दार कधी उघडतं, कधी नाही. इथला एक दिवस म्हणजे तिथलं एक वर्ष.

मला काही टोटल लागेना. एका फर्म्यावर तिच्या पायात बेडी, तर पुढच्यावर ती कॅन्टीनच्या रांगेत. मी चालता चालता विचारलं, "आई, ही बाई नक्की बेडीत आहे की रांगेत?"

"दोन्हीकडे," सासूबाई म्हणाल्या.

"दोन्हीकडे कशी असेल?"

"असतं माणूस," म्हणाल्या आणि पुढचा फर्मा उचलला.

अठराव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावर ती मुलीला म्हणते, मी तुला न्यायला येईन. एकोणिसाव्यावर ती घरी पोचलेली. नळ चालू आहे, ती हात धुतेय, धुतेय, धुतेय. आणि विसाव्याच्या पहिल्याच पानावर ती पुन्हा लिफ्टकडे चालत निघालेली, आपल्या पायांनी.

त्या दुपारी सासूबाईंनी डबा उघडला आणि तसाच समोर ठेवला. मला म्हणाल्या, "सुटलेलं माणूस परत जाईल का गं?"

"वेडं असेल तर जाईल," मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे, उचलली की लावली टाळ्याला.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. मग म्हणाल्या, "मला एक बहीण आहे."

लग्नाला माझ्या चौदा वर्षं झालीत. घरात कुणाच्या तोंडून ह्या बहिणीचा कधी शब्द नाही. मला आधी वाटलं, ह्या पुस्तकातलंच काहीतरी सांगतायत.

त्या सांगत गेल्या, तेही मागचं पुढे आणि पुढचं मागे. त्यांच्या आईने दोघी बहिणींना एका मोठ्या घरी कामाला ठेवलं होतं. ह्या नऊच्या, धाकटी सहाची. मी विचारलं, "म्हणजे विकलं?" तर चिडल्या. "विकलं कसं? ठेवलं. दोन वेळचं जेवण आणि कपडे." मी म्हटलं, "किती दिवसांसाठी?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. "ते कुणी बोललंच नाही," म्हणाल्या.

ह्या काळ्या, धाकटी उजळ. त्यामुळे धाकटीला दिवाणखान्यात पाहुण्यांपुढे ट्रे घेऊन उभं करायचे आणि ह्यांना मागे मोरीत. पाहुणे असताना पुढे यायचं नाही, अशी सक्त ताकीद. ह्या अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा एक दिवस मागचं दार उघडं दिसलं. धाकटी पुढे ट्रे धरून उभी होती. परत स्वयंपाकघरात आली तेव्हा ह्यांनी तिच्या कानात सांगितलं, मी जाऊन येते, मग तुला न्यायला येते. आणि गेल्या. एका म्हाताऱ्या शिंपिणीने ठेवून घेतलं, वाढवलं.

"मग गेला नाहीत?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी भीती वाटली. मग लाज. मग तुझा नवरा झाला."

"आणि ते घर आहे कुठे?"

त्यांनी सांगितलं. दोन बस बदलल्या की पाऊण तास. मी डोक्याला हात लावला. एकोणपन्नास वर्षं आणि पाऊण तास. राग आला मला, खोटं कशाला सांगू. पण कुणाचा ते ठरवता येईना. त्या घराचा यावा, तर ते मी पाहिलेलं नाही. ह्यांचा यावा, तर अकरा वर्षांच्या पोरीवर रागावतं कोण? आणि साठीच्या बाईवर रागवावं, तर ती समोर डबा न खाता बसलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठे मांडले आणि आम्ही फेऱ्या सुरू केल्या. संध्याकाळी रचलेल्या पुस्तकांच्या पाठीकडे माझी नजर गेली. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या उलट वाटल्या, खालची वर आणि वरची खाली. म्हटलं डोळ्यांवर झापड आली असेल, आणि जिने बघायला आई आहेतच की. मूग गिळून गप्प बसले. ते मला अजून लागून राहिलंय.

दोन आठवड्यांनी लेखिका कारखान्यात आली. बारीक चणीची, पण आवाज असा की मशीन बंद पडावं. मालकांसमोर पुस्तक उघडून ठेवलं. "समाप्त लिहिल्यानंतर आणखी सोळा पानं कशी आली?"

एकोणिसावा आणि विसावा यांची अदलाबदल झाली होती. बाई लिफ्टमधून परत गुलामीत जाते, समाप्त येतं आणि त्यानंतर ती घरी नळाखाली हात धुतेय, चहा करतेय, अर्ध्या वाक्यात पुस्तक संपतं. पहिल्या दिवशीच्या थोड्या सोडल्या तर सगळ्या प्रतींत तसंच.

मालक म्हणाले, "वाचकांच्या तक्रारी आल्या का?"

"त्याचाच तर संताप आहे," लेखिका म्हणाली. "तीन वाचकांनी पत्र लिहून कौतुक केलंय. शेवटानंतरचा शेवट फार आवडला म्हणे."

कटिंगवाला खुदकन हसला. मालकांनी नुसतं बघितलं, तो पुन्हा कापायला लागला.

मालकांनी सासूबाईंना पुढे बोलावलं. "बाई, पायरी चुकली की चुकवली?"

मी मागून हळूच म्हटलं, "आई, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणा." चूक म्हटलं असतं तर फार तर गठ्ठे मांडायचं काम काढून घेतलं असतं. टेबलाची जागा राहिली असती. मुद्दाम म्हटलं तर घरीच. हे तिथल्या खांबालाही कळत होतं.

सासूबाई ताकास तूर लागू देईनात. मालकांकडे बघेनातसुद्धा. त्या लेखिकेकडे वळल्या. "ती घरी आली होती. नळाला पाणी होतं, हात धुऊन झाले होते. मग परत कशाला पाठवलंत तिला?"

लेखिका चपापली. "मी कुठे पाठवलं? ती गेली. मुलीला शब्द दिला होता तिने."

"शब्द काय, कुणीही देतं. लहान होती ती."

"कोण लहान? बत्तीस वर्षांची बाई आहे ती."

कोण लहान होतं ते त्या खोलीत फक्त मला कळलं.

"मग ती गेली तेव्हा मुलगी होती का तिथे?" सासूबाईंनी विचारलं. "इतक्या वर्षांनी?"

"होती. म्हातारी झाली होती."

"ओळखलं तिने?"

"शेवटच्या फर्म्यात आहे की ते. तुम्ही वाचलं नाहीत?"

"बाहेरच्या पानावर आहे का आतल्या?" सासूबाईंनी विचारलं.

लेखिकेला काही कळलं नाही. तिने मालकांकडे बघितलं, मालकांनी छताकडे. मग मालक म्हणाले, "म्हणजे चुकवलीत." सासूबाई म्हणाल्या, "हो." झालं. अडतीस वर्षं एका अक्षरात निकालात निघाली.

गोदामात सातशे प्रती शिल्लक होत्या. मालकांनी सांगितलं, एवढ्या उसवून पुन्हा लावून द्या आणि मग घरी बसा. मी म्हणणार होते की मीही घरी बसते, पण आमच्या घरात दोघींनी बसणं परवडणारं नाही, म्हणून दातांवर दात दाबले. पाहुण्याच्या काठीने साप मारतात तशी ही मालकांची तऱ्हा. ज्या हातांना काढायचं त्याच हातांकडून आधी सगळं सरळ करून घ्यायचं.

पुठ्ठे सोडवायचे, दोरा कापायचा, दोन फर्म्यांची जागा बदलायची, पुन्हा शिवायचं. आम्ही दोघी बाजूच्या खोलीत बसलो. कटिंगवाल्याने न बोलता आपलं स्टूल आणून सासूबाईंना दिलं आणि स्वतः उभा राहून कापायला गेला. त्या पुस्तकांच्या कडा कापून झाल्या होत्या, म्हणजे पानं सुटी झालेली, मिटलेलं काही नव्हतंच. अडतीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंच्या हातात आतली पानं आली. पहिल्या दिवशी त्यांनी तीनच पुस्तकं लावली. बाकी वेळ विसावा फर्मा वाचला. मी त्यांच्या वाटची लावली आणि एक शब्द बोलले नाही. माझ्याकडून हे होणं किती अवघड, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

वाचून झाल्यावर त्यांनी मला सांगितलं. पुस्तकातली मुलगी म्हातारी झालेली असते, एका पायाने लंगडते. तरी शेताच्या पलीकडून बाईला ओळखते आणि लंगडत लंगडत धावत येते. सासूबाईंचे डोळे भरून आले. "बघ, धावत आली," म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, ते पुस्तक आहे." त्या म्हणाल्या, "माहितेय गं मला. फर्मे मीच उचललेत." पण चेहरा असा उजळला होता की मला धास्ती वाटायला लागली. पुढचे आठ दिवस त्या प्रत्येक प्रतीत त्या बाईला स्वतःच्या हाताने घरातून काढून परत गुलामीत पाठवत होत्या. त्यांना ह्यात नक्की काय वाटत होतं ते मला सांगता येत नाही. शिवताना ओठ हलत होते, एवढं खरं.

नवव्या दिवशी दुपारी शेवटची प्रत शिवून झाली. सासूबाईंनी जिना बघितला, वीस पायऱ्या, सरळ. चपला घातल्या. दुपारी मधूनच कारखान्यातून बाहेर पडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मालकांना न विचारता मागोमाग निघाले. कुठे ते विचारायची गरजच नव्हती. दोन बस बदलल्या. पाऊण तास नाही लागला. पस्तीस मिनिटांतच पोचलो.

मोठं घर, पुढे फाटक, पॉलिश केलेलं दार, पितळी कडी. मी फाटकाला हात लावला तर सासूबाई बाजूच्या बोळात शिरलेल्या. "आई, दार इकडे आहे."

"मला ते दार माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मागे मोरीचं दार होतं. त्यांनी दोनदा वाजवलं. पदर ठीक केला, मग पुन्हा ठीक केला. दार उघडलं ते एका पांढऱ्या केसांच्या बाईने. हात ओले, खांद्यावर पुसायचं फडकं. रंग एकेकाळी उजळ असणार, आता कोमट पाण्यासारखा झालेला. चेहरा सासूबाईंचाच, नुसता दिव्याचा उजेड वाढवल्यासारखा. तिने सासूबाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मला, आणि सवयीने म्हणाली, "काम नाहीये. आहे बाई कामाला."

"कामाला नाही आले," सासूबाई म्हणाल्या. "न्यायला आलेय."

"कुणाला?"

"तुला. धाकटे, मी आहे."

ती धावली नाही. रडलीही नाही. फडक्याने एकेक बोट पुसत राहिली. दहाही पुसून झाल्यावर म्हणाली, "तू येते म्हणाली होतीस."

"हो."

"ह्या दाराची कडी मी लावत नव्हते. मोठ्या बाईंचा मार खाल्ला त्यावरून. मग त्यांनी दारच नवीन बसवलं." हे तिने तक्रार केल्यासारखं नाही, घरात काय काय बदललं ते सांगितल्यासारखं सांगितलं.

सासूबाईंनी दाराच्या चौकटीवरून हात फिरवला. मग कसंबसं म्हणाल्या, "चल."

"आत्ता?"

"आत्ता."

तिने मागे वळून आत बघितलं. ओट्यावर धुतलेल्या भांड्यांचा ढीग उपडा घातलेला होता, कुठूनतरी पंख्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बाई झोपल्यात. त्यांना न विचारता कशी येऊ? चारला उठतात, चहा दिला की विचारते. थांबशील तोवर?"

सत्तावन्न वर्षांची बाई. माझं डोकं असं तडकलं की वाटलं, तिचा हात धरून तिला बोळातून फरफटत बसमध्ये घालावं. अगं, कुणाला विचारतेस, कशाचं विचारतेस, त्यांनी तुला आणताना तुला विचारलं होतं का. सगळं ओठांवर आलं होतं. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांबते," त्या म्हणाल्या. "तू विचारून ये."

त्या पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. तीनला दहा कमी होते. धाकटीने आत जाऊन दार लोटलं. कडी लावल्याचा आवाज येतो का, म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले. आला नाही.